खिडकी उघडी ठेवून निर्धास्त झोपायचंय? कामांचा क्रम आणि नेहमीच्या चुका

दर एप्रिलात मला नात्यागोत्यातून एकाच धर्तीचे फोन येतात. जाळी बसवली, कॅमेरा लावला, तरी खिडकी उघडी असली की डोळा लागत नाही. शेवटी अकराला उठून सगळं बंद करायचं आणि पंख्याखाली घामाघूम पडून राहायचं. खोदून विचारलं की कळतं, कामं सगळी झालेली असतात, फक्त उलट्या क्रमाने. आधी मच्छरजाळी, मग ती काढून गज, मग गजांना अडकून न उघडणारं तावदान, आणि सगळ्यात शेवटी शोध लागतो की या खिडकीतून वाराच येत नाही.

खालचा क्रम इंदूरची घरं डोळ्यांसमोर ठेवून लावलाय: रामबाग-नारायण बागेकडची एकमेकांना खेटलेली जुनी घरं, लोकमान्य नगर-सुदामा नगरातली बैठी नाहीतर एकमजली घरं, आणि बायपासकडचे नवे फ्लॅट. आपलं गाव साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. मे महिन्यातसुद्धा पहाटे चादर ओढावीशी वाटते, फक्त ती हवा आत यायला हवी.

एक शब्द आधीच निस्तरून घेऊ. आपण लोखंडालाही 'जाळी' म्हणतो आणि मच्छरांच्या पडद्यालाही जाळीच. वेल्डिंगवाल्याला फोनवर "खिडकीला जाळी लावायची आहे" म्हटलं की तो एक समजतो आणि आपल्या मनात दुसरंच असतं. या लेखात लोखंडाला 'गज' आणि दुसरीला 'मच्छरजाळी' म्हटलंय.

तयारी: दोन रात्री आणि एक उदबत्ती

अजून काही विकत घ्यायचं नाही. मोजपट्टी, टॉर्च, उदबत्तीचा पुडा आणि कोळिष्टकं काढायची लांब काठी एवढं जवळ ठेवा. काठी कशाला, ते पुढे येईल.

दोन रात्री, एकदा नऊच्या सुमारास आणि एकदा पहाटे चारला, एकेक खिडकी उघडून तिच्यापाशी उदबत्ती धरा. धूर आत वळला तर ती वारा घेणारी खिडकी, बाहेर ओढला गेला तर वारा सोडणारी. धूर सरळ वर गेला तर ती खिडकी रात्री उघडण्यात काही अर्थ नाही, मग ती कितीही मोठी असो. हे कागदावर लिहा. पंखा बंद ठेवायला विसरू नका. माझी पहिली रात्र त्यातच वाया गेली.

१. दोनच खिडक्या निवडा

सगळ्या खिडक्या उघडायच्या नसतात. एक वारा घेणारी आणि एक सोडणारी, शक्यतो खोलीच्या किंवा घराच्या समोरासमोरच्या बाजूंना. उन्हाळ्यात आपल्याकडे वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो, म्हणून आत घेणारी खिडकी बऱ्याच घरांत त्याच बाजूला निघते. पण शेजारचं तीनमजली घर वाऱ्याची दिशा फिरवतं, तेव्हा उदबत्ती सांगेल ते खरं.

सोडणारी खिडकी मोठी नसली तरी चालते. जिन्याच्या वरचं रोशनदान, न्हाणीघराचा झरोका, स्वयंपाकघराची उंचावरची खिडकी, काहीही. गरम हवा वर चढते, त्यामुळे उंचावरचा झरोका दुप्पट कामाचा, आणि तिथे कुणाचा हात पोचत नाही हा वरचा फायदा.

बाकीच्या खिडक्या रात्री कडी लावून बंद. आठ खिडक्यांची काळजी डोक्यात घेऊन झोप लागत नाही, दोन खिडक्यांची घेता येते.

नेहमीची चूक: फक्त घेणारी खिडकी उघडणं. हवेला बाहेर जायला वाट नसली तर ती आत शिरत नाही. मग 'आमच्याकडे वाराच नाही' म्हणून लोक कूलर घेतात, आणि कूलरलाही तीच अडचण येते.

२. आता रस्त्यावर जाऊन आपलं घर पाहा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात. आपण आपलं घर आतून पाहतो. चोर बाहेरून पाहतो.

एकदा दिवसा आणि एकदा रात्री घराभोवती फिरा आणि निवडलेल्या दोन खिडक्यांपर्यंत कुठेकुठे पाय ठेवत जाता येईल ते बघा. कंपाउंडची भिंत, मीटरची पेटी, सांडपाण्याचा पाइप, छज्जा, एसीचं बाहेरचं खोकं, गाडीवरचे पत्रे. आमच्या गावातली सगळ्यात सोयीची पायरी मात्र आपण स्वतःच बांधलेली असते: कूलरचं लोखंडी स्टँड. वरच्या मजल्याच्या खिडकीबाहेर आडव्या पट्ट्यांचं भक्कम स्टँड म्हणजे शिडीच. जोडीला ऑक्टोबरात कूलर काढल्यावर त्याच्यासाठी केलेल्या भोकावर ठोकलेला प्लायचा तुकडा. तो चार खिळ्यांवर असतो आणि कोपराच्या धक्क्याने आत येतो. त्या भोकालाही गज हवेतच, आणि ते कूलरच्या मापाने नाही तर भोकाच्या मापाने.

जुन्या वस्तीत गच्च्या एकमेकींना लागून असतात, तिथे खरा दरवाजा खालचा नसतोच. गच्चीचं दार बघा. बहुतेक घरांत ते सगळ्यात हलकं असतं, पावसाने खालून फुगलेलं, आतून एक बारीक कडी. आणखी एक: शेजारचे मे महिन्यात पुण्याला गेले की त्यांची रिकामी गच्ची ही तुमच्या घराची वाट होते. त्या महिन्याभरासाठी त्या बाजूची खिडकी यादीतून काढा.

तपासणी: घरातल्या चपळ पोराला विचारा, "किल्ली हरवली तर तू कुठून चढशील?" ते अर्ध्या मिनिटात वाट दाखवेल. ती वाट आधी बंद करायची.

३. गज: पैसे इथेच घाला

निर्धास्तपणाचा पाया हाच आहे, बाकी सगळं त्यावरचं. इथेच सगळ्यात जास्त फसवणूकही होते, कारण रंग मारला की चांगलं-वाईट सारखंच दिसतं.

भरीव सळी घ्या, चौरस किंवा गोल, १० नाहीतर १२ एमएम. पोकळ चौकोनी पाइप दिसायला जाड असतो, पण हॅक्सॉने पाहता पाहता कापला जातो. दोन गजांमधली फट ४ इंचांपेक्षा कमी असू द्या. मोठा माणूस त्याहून थोड्या मोठ्या फटीतूनही जाणार नाही, पण हे माप लहान मुलांच्या डोक्यासाठी आहे. उभ्या सळ्या लांब असतील तर मध्ये एक-दोन आडव्या पट्ट्या हव्यात, नाहीतर गाडीच्या जॅकने सळ्या फाकवता येतात. घरात चढणारं मूल असेल तर आडव्या पट्ट्या नेमक्या किती आणि कुठे ते विचार करून ठरवा. चार पट्ट्या झाल्या की शिडी झाली.

आता मुख्य गोष्ट. गज किती जाड यापेक्षा ते भिंतीला कसे धरलेत हे महत्त्वाचं. फ्रेमला होल्डफास्ट, म्हणजे भिंतीत रुतवायच्या लोखंडी पट्ट्या, वेल्ड करून ते भिंतीत खोदून सिमेंट-काँक्रीटने भरायचे, प्रत्येक बाजूला निदान दोन. घर बांधून झालेलं असलं की वेल्डिंगवाला भिंत फोडायला कंटाळतो आणि भिंतीच्या भोकात बसवलेल्या प्लास्टिकच्या गिट्टीत स्क्रू पिळून मोकळा होतो. माझ्याकडे तेच झालं होतं. "कुछ नहीं होगा आंटी, हाथी भी लटक जाए," असं तो म्हणाला, मीही पैसे देऊन टाकले. दोन वर्षांनी रंगकाम करणाऱ्या पोराने आधारासाठी गज धरला आणि अख्खी फ्रेम त्याच्या हातात आली. गिट्ट्या प्लास्टरमध्येच होत्या, विटेपर्यंत पोचल्याच नव्हत्या. तोवर दोन उन्हाळे मी त्या खिडकीशी निवांत झोपले होते, हे आठवलं की आजही कसंतरी होतं.

स्क्रूच लावायचे असतील तर लांब धातूचे अँकर बोल्ट घ्या, ते विटेत किंवा काँक्रीटमध्ये गेले पाहिजेत, आणि बोल्टच्या डोक्यांवर वेल्डिंगचा टाका मारून घ्या म्हणजे पान्याने फिरणार नाहीत. अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीच्या चौकटीला गज कधीच जोडू नका. ती चौकटच वाकते.

फ्लॅटमध्ये गज बाहेर काढायचे की भिंतीच्या आत, हे सोसायटीला विचारून ठरवा, काम झाल्यावर नको.

तपासणी, पैसे देण्याआधी: दोन्ही हातांनी फ्रेम धरून पाय भिंतीला लावून मागे ओढा. जरा जरी 'कुच्' झालं तरी काम परत करून घ्या. प्रत्येक जोड बघा, सळी पट्टीला सगळीकडून वेल्ड केलीय की एका बाजूला नुसता टाका आहे. रेड ऑक्साइडचा, म्हणजे गंज रोखणाऱ्या तांबड्या रंगाचा, हात याच्या नंतर. आधी रंग दिला तर काहीच दिसत नाही.

४. आगीची वाट

सगळे गज पक्के गाडले की घराचा पिंजरा होतो. झोपायच्या भागातली निदान एक खिडकी आतून उघडणाऱ्या गजांच्या झडपेची करा, माणूस सहज बाहेर पडेल एवढी. बिजागऱ्या आतल्या बाजूला, कुलूप आतून.

किल्लीची जागा हा खरा प्रश्न. खिडकीच्या चौकटीवर खिळ्याला टांगलेली किल्ली बाहेरचा हातही काढतो. कपाटात ठेवली तर धुरात सापडत नाही. खिडकीपासून पाच-सहा फुटांवर, कमरेच्या उंचीवर, खिडकीतून न दिसणाऱ्या भिंतीवर एक हुक, आणि त्या हुकाला दुसरं काहीही अडकवायचं नाही.

तपासणी: दिवे घालवून घरातल्या प्रत्येकाला, आजीसकट, एकदा कुलूप उघडायला लावा. आमच्या सासूबाईंनी कुलूप उघडलं, पण गंजलेली झडप ढकलली गेली नाही. बिजागऱ्यांना तेल घालायचं तेव्हा सुचलं.

५. मच्छरजाळी आता, आधी नाही

मच्छरजाळीने चोर अडत नाही. ब्लेडने ती आवाज न होता फाटते. तिचं काम डास अडवण्याचं, आणि त्यासाठी ती गजांनंतर, गजांच्या मापाने यावी.

तीन थरांचा क्रम तावदान कुठे उघडतं यावर ठरतो. आत उघडत असेल तर बाहेरून आत: गज, मच्छरजाळी, तावदान. बाहेर उघडत असेल तर: तावदान, गज, मच्छरजाळी. या दुसऱ्या प्रकारात हात घालून तावदान ओढायला जाळीला एक बाजू सुटी हवी, म्हणजे वेल्क्रो, चुंबकाची पट्टी किंवा बिजागरीची चौकट. हे विसरलं की वळवाच्या वादळात तावदान आपटत राहतं आणि आपण जाळी उचकटत बसतो. सरकत्या खिडकीला तिसरा ट्रॅक करून जाळीचं सरकतं पान घ्या.

फायबरची साधी जाळी १८ बाय १६ घरांची मिळते, म्हणजे एका इंचात एकीकडे १८ आणि दुसरीकडे १६ घरं. डासांसाठी तेवढी पुरे. त्याहून दाट घेतली की वारा मरतो. मांजर किंवा उंदीर कुरतडत असेल तर स्टीलची घ्या, ३०४ ग्रेड विचारून.

वेळ सांभाळा. डास दिवेलागणीला शिरतात, म्हणून संध्याकाळी जाळीचं पान लावूनच खिडकी उघडायची, एरवी 'पाच मिनिटं' म्हणून उघडी ठेवलेली जाळी रात्रभर भोवते. डेंग्यूचा डास मात्र दिवसा चावतो आणि घरातल्या साठलेल्या पाण्यात वाढतो. कूलरची टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून, घासून, वाळवा. बाहेरचे डास जाळीने अडवायचे आणि आत स्वतः पाळायचे, असं नको.

६. काठीची परीक्षा

गजांतून माणूस येत नाही, हात येतो, आणि हातात काठी असली तर बरंच काही बाहेर जातं. आमच्या घरातली एकमेव चोरी अशीच झाली. खुर्चीवर टाकलेली यांची पँट सकाळी बाहेर तुळशीपाशी पडलेली, खिसे उलटे. उशाशी चार्जिंगला लावलेला मोबाइल गेला, चार्जर तेवढा प्लगमध्ये लटकत होता. कुणी आत आलंच नव्हतं.

म्हणून कोळिष्टकांची काठी घ्या, तिच्या टोकाला तारेचा आकडा बांधा, आणि रात्री झोपायची मांडणी करून बाहेर उभं राहून स्वतःच्या घरात चोरी करून बघा. जे जे हलवता येतं ते तिथून हलवायचं. मोबाइल, पर्स, गाडीच्या किल्ल्या, खुंटीवरचे कपडे. दाराची आतली कडी काठीने निघत असेल तर ती कडी बदला किंवा कडीला कुलूप घाला. खिडकीजवळच्या दाराची नुसती आडवी कडी बाहेरून सरकवणं फार सोपं असतं.

पलंगाचं डोकं खिडकीकडे नको, निदान चार-पाच फूट लांब. गळ्यातली साखळी हे एक कारण, पहाटेच्या वाऱ्याने आखडणारी मान हे दुसरं. खिडकीखाली स्टूल, टेबल, मुलांचं कपाट ठेवू नका. वरच्या मजल्यावर तर मुळीच नको.

७. दिवा बाहेर, अंधार आत

झिरोचा बल्ब खोलीत लावून झोपायची सवय मोडा. आत उजेड आणि बाहेर अंधार असला की बाहेरच्याला सगळं दिसतं आणि आपल्याला काहीच नाही. उलट करा: खोलीत अंधार, खिडकीबाहेर हालचालीने लागणारा सेन्सरचा दिवा, पायवाटेकडे वळवलेला. रात्री उठणाऱ्यांसाठी झिरोचा बल्ब पॅसेजमध्ये, जमिनीलगत.

लांब पडदा वाऱ्याने फडफडतो, माणूस उभा असल्यासारखा वाटतो आणि दर तासाला जाग आणतो. खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाला वर-खाली दोन्हीकडे तारेत ओवलेला अर्धा पडदा लावा. आडोसाही होतो, वारा वरून येतो.

वीज गेली की सेन्सर गेला. उशाशी टॉर्च असू द्या, मोबाइलचा नाही, वेगळा.

८. रात्रीची फेरी: एकाच माणसाने

'त्यांनी लावलं असेल' या वाक्यावर बरीच घरं उघडी राहतात. फेरी एकाचीच, रोज त्याच क्रमाने: गच्चीचं दार, मागचं दार, बंद ठेवायच्या खिडक्या, उघड्या दोन खिडक्यांच्या तावदानांचे आकडे, हुकावरची किल्ली, शेवटी पुढचं दार. कडी नुसती बघायची नाही, हाताने ओढायची. हाताला कळलेलं रात्री दोनला आठवतं, डोळ्यांनी पाहिलेलं आठवत नाही.

उन्हाळ्यात बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाल्यावरच खिडक्या उघडा. आमच्याकडे ती वेळ साधारण साडेआठ-नऊला येते. सकाळी ऊन तापायच्या आत पुन्हा बंद. दिवसभर उघड्या ठेवल्या तर भिंती तापतात आणि रात्रभर तीच गरमी परत देतात.

९. कानाला सवय लावा

एवढं करूनही पहिल्या रात्री झोप लागणार नाही. ते साहजिक आहे. बंद खिडकीआड न ऐकू येणारे आवाज एकदम खोलीत येतात, आणि ओळख नसलेला प्रत्येक आवाज चोरच वाटतो. म्हणून पहिले तीन दिवस वरच्या मजल्याची किंवा रोशनदानासारखी न पोचणारी खिडकीच उघडा, आणि जाग आली की आवाज आणि वेळ लिहून ठेवा. माझी यादी अशी निघाली:

साडेबारा ते दीड, सराफ्यातून, म्हणजे रात्रीच्या खाऊगल्लीतून, खाऊन परतणारी पोरं, मोटारसायकल आणि मोठ्याने गप्पा. दोनला चौकीदाराची काठी आणि शिट्टी. त्यापाठोपाठ कुत्री, ती शिट्टीवरच भुंकतात. तीनच्या सुमारास पत्र्यावरून धाडधाड, ते मांजर. पहाटे नळाला नर्मदेचं पाणी आलं की एकेका घरातून मोटर, ती एक दिवसाआड. उजाडल्यावर कचऱ्याच्या गाडीचं गाणं.

पाचव्या रात्री मी कुत्र्यांच्या भुंकण्यावर कूस बदलली, उठले नाही. यादीत नसलेला आवाज मात्र लगेच जाग आणतो, आणि तेच हवंय.

सावध: कानात बोळे घालून किंवा मोठ्या आवाजात काही लावून उघड्या खिडकीशी झोपू नका.

अनोळखी खटका झालाच तर

खिडकीशी जाऊन वाकून बघायचं नाही, गजांतून हात किंवा टॉर्च बाहेर काढायची नाही, दार उघडायचं नाही. आधी घरातले सगळे दिवे लावा, घरच्यांना नावाने जोरात हाका मारा, मग ११२ लावा. पत्ता सांगताना जवळची खूण आधी सांगा. शेजाऱ्यांशी आधीच ठरवून ठेवलेलं बरं: दोन मिस्ड कॉल म्हणजे दिवे लावा. सकाळी फोन गेलेला दिसला तर पोलिसांत तक्रार द्या आणि संचार साथी या सरकारी पोर्टलवर तो हँडसेट ब्लॉक करा. त्यासाठी आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा ओळख क्रमांक लागतो, तो आजच डायरीत उतरवा. *#०६# दाबलं की फोनच तो दाखवतो.

पावसाळ्याआधी एक दिवस

मे महिन्याची धूळ जाळीच्या घरांत अशी बसते की जूनमध्ये वारा अर्धा होतो. जाळी काढून साबणाच्या पाण्यात मऊ ब्रशने धुवा, फायबरची असेल तर पिळू नका. त्याच दिवशी गजांच्या तळाचे सांधे बघा. पाणी तिथेच साठतं आणि गंज आतून खातो, रंग वरून शाबूत दिसतो. स्क्रूड्रायव्हरचं टोक सांध्यावर दाबा. खपली पडली तर वेल्डिंगवाल्याला बोलावा, आणि या वेळी तो काम करत असताना शेजारी खुर्ची टाकून बसा.